शेवंती हिरवीगार, पण कळीच धरत नाही? आधी रात्री दहाला गॅलरीत जाऊन बघा

दसरा जवळ आला की हा प्रश्न सुरू होतो आणि दिवाळी उलटली की त्याला वैतागाची धार येते. झाड कंबरेपर्यंत आलंय, पानं काळसर हिरवी, कीड नाही, रोग नाही, आणि कळी म्हणाल तर औषधालाही नाही. समोरच्या इमारतीत त्याच नर्सरीतून आणलेली, त्याच रंगाची शेवंती मात्र फुलांनी वाकलेली. मग उपाय सुरू होतात. केळ्याच्या सालांचं पाणी, कांद्याच्या टरफलांचं पाणी, चहाचा चोथा, एप्सम सॉल्ट. एवढं करून कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "झाड नर असणार, काढून टाका." शेवंतीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असं नसतं. एकाच फुलात कडेच्या पाकळ्या मादी फुलं असतात आणि मधल्या पिवळ्या चकतीतली फुलं नर-मादी दोन्ही. तेव्हा तो आरोप झाडावरून काढून टाका, झाड नको.

ही तक्रार त्याच घरांत दरवर्षी येते, हे लक्षात घ्या. नवी कुंडी, नवी माती, नवं रोप, तरी तेच. माझं मत आता पक्कं झालंय की पुण्यात, त्यातही सोसायटीच्या गॅलरीत, दोष बहुतेक वेळा कुंडीत नसतो. दोष रात्रभर जळणाऱ्या दिव्यात असतो.

पण आधी कॅलेंडर बघा

सगळी शेवंती एका वेळी फुलत नाही. रात्री मोठ्या व्हायला लागल्यापासून फूल उमलेपर्यंत काही वाणांना 6-7 आठवडे लागतात, बऱ्याचशा कुंडीतल्या वाणांना 8 ते 10 आणि मोठ्या फुलांच्या उशिराच्या वाणांना 12च्या पुढेही. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात भरलेल्या ताटाएवढी शेवंती पाहून कुणी तसंच रोप आणलं असेल, तर त्यानं दिवाळीत फुलाची वाट बघू नये.

मार्केट यार्डात तर गौरी-गणपतीपासून शेवंतीचे ढीग असतात, मग आपलीच का मागे, असंही विचारलं जातं. शेतकरी लवकरचे आणि उशिराचे वाण वेगवेगळे लावतो, लागवडीच्या तारखा मागेपुढे करतो, आणि पॉलीहाऊसवाले तर दिवे लावून नाहीतर काळं कापड ओढून झाडाला हवं तेव्हा फुलायला लावतात. त्या ढिगाशी आपल्या चार कुंड्यांची तुलना करू नका.

साधारण हिशोब असा: पुण्यात उघड्यावर, अंधारात असलेल्या नेहमीच्या शेवंतीच्या शेंड्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत बारीक हिरवी बटणं दिसायला हवीत. शेंडा दोन बोटांत धरून कोवळी पानं बाजूला करून बघा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा गेला तरी तिथे नुसतीच पानं असतील, तर पुढचं वाचा.

रात्रीचा दिवा

शेवंती रात्रीच्या लांबीवर चालते. सलग अंधार साधारण साडेदहा तासांच्या पुढे गेला की शेंडा पानं काढायचं थांबवून कळीच्या कामाला लागतो, आणि कळी पुढे वाढायला रात्र याहूनही मोठी, 12 तासांच्या आसपास लागते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचं फुलणं ठरतं, हे 1920 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. शेवंती याचं ठळक उदाहरण मानली जाते.

पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास असतो, आणि त्याला सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाश जोडला की झाडाच्या दृष्टीनं तो 14 तासांचा होतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस-रात्र सारखी, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस 11 तासांचा. म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून निसर्ग शेवंतीला खूण देऊ लागतो. अडचण अशी की ही खूण पानांपर्यंत पोचायला रात्र खरोखर अंधारी असावी लागते.

पॉलीहाऊसमध्ये फूल लांबवायचं असलं तर रात्री 10 ते 2 दिवे लावतात, साधारण 100 लक्सचे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). तेवढ्यानं झाडाची मोठी रात्र मधोमध कापली जाते आणि त्याला दोन छोट्या रात्री झाल्यासारखं वाटतं. आता आपल्या गॅलऱ्या आठवा. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते, आता पांढरे एलईडी, थेट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. पार्किंगमध्ये फ्लडलाइट, जिन्यात सेन्सरचा दिवा, समोरच्या दुकानाचा फलक. शिवाय "चोरांच्या भीतीनं" रात्रभर चालू ठेवलेली आपलीच गॅलरीतली ट्यूब. पॉलीहाऊसवाला वीजबिल भरून जे करतो ते आपल्याकडे फुकटात होतं.

तपासायचं कसं? रात्री दहानंतर, घरातले दिवे बंद करून, कुंडीच्या उंचीवर बसा. उभं राहून नाही, बसा. झाडाला जे दिसतं ते तिथूनच दिसतं. वर्तमानपत्राचा मजकूर सहज वाचता आला तर प्रकाश नक्की जास्त आहे. फक्त मथळे वाचता आले तरी मला शंका येते. फोनमध्ये लक्स मोजणारं मोफत ॲप टाकलंत तर अंदाज आणखी बरा येतो. ते काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही, पण दोन कोपऱ्यांतला फरक चांगला दाखवतं. आकडा दहाच्या वर गेला की मी कुंडी हलवते. आणि हो, चांदण्याची काळजी नको. पौर्णिमेचा प्रकाश अर्धा लक्सही भरत नाही, कोजागिरीनं कुणाची शेवंती अडत नाही.

झाडही सांगतं, बघणाऱ्याला दिसलं तर. कुंडी बरेच दिवस न फिरवता एकाच जागी असेल तर दिव्याकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू वेगवेगळी बघा. भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांवर कळ्या आणि दिव्यासमोरच्या फांद्यांवर नुसती पानं, असं दिसलं तर पुढे काही तपासायची गरज नाही.

दुसरी खूण जरा बारकाईनं बघावी लागते. शेंड्याच्या मधोमध एकच कळी असते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, टणक, आणि आठवडेच्या आठवडे तेवढीच राहते. तिच्या लगतची पानं नेहमीसारखी कातरलेली नसतात, तर अरुंद, पट्टीसारखी, कडा जवळपास सरळ. आणि त्या कळीच्या खालून दोन-तीन हिरवे फुटवे निघून तिच्या डोक्यावरून पुढे गेलेले असतात. झाडानं कळी सुरू केली आणि मग मध्येच प्रकाश आला म्हणून काम अर्धवट सोडलं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे होतं, कारण शेवंतीचा कळी धरायचा काळ आणि आपला सणांचा काळ एकच. गणपतीचे दहा दिवस मंडळाचा हॅलोजन. स्पीकर रात्री बंद होतो, दिवे होत नाहीत. मग नवरात्र. मग दिवाळीत आपण स्वतःच्या हातानं गॅलरीच्या कठड्याला, अगदी कुंड्यांवरून, दिव्यांच्या माळा गुंडाळतो आणि सकाळी उठल्यावर बंद करतो. लवकरच्या वाणांच्या कळ्यांना तोवर रंग आलेला असतो, त्यांचं काही बिघडत नाही. उशिराचे वाण मात्र इथेच अडकतात.

उपाय, सोप्यापासून अवघडाकडे:

आपला दिवा आपण बंद करावा, हे उघड आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो सात-साडेसातला बंद झाला तर चालतं. नऊपर्यंत जळला तर पहाटेपर्यंत जेमतेम नऊ तास अंधार उरतो, तो पुरत नाही. आकाशकंदील लावा, पण शेवंतीपासून लांबच्या टोकाला.

रस्त्याचा दिवा आपल्या हातात नसतो. पण गॅलरीला सिमेंटचा भरीव कठडा असेल तर त्याच्या आड जमिनीवर बहुतेक वेळा चांगला अंधार असतो. दिवसा कुंडी उन्हासाठी स्टुलावर, संध्याकाळी खाली कठड्याशी. कुंड्या दोन-चार असतील तर हे जमतं. जाळीचा कठडा असेल तर कुंडी आणि दिवा यांच्यामध्ये प्लायचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा उभा करा. पूर्ण काळोख करायची गरज नाही, थेट पडणारा प्रकाश अडला तरी खूप फरक पडतो.

तेही शक्य नसेल तर झाकण. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका, नाहीतर चार काठ्यांवर दुहेरी काळं कापड. सूर्य मावळला की घालायचं, सकाळी उजाडल्यावर काढायचं. दुपारी चारला झाकून बाहेर जाऊ नका. ऑक्टोबर हीटमध्ये आत झाड उकडून निघतं आणि उष्णतेनं कळी उलट लांबणीवर पडते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून कळीला रंग दिसेपर्यंत हे करावं लागतं, आणि पहिले तीन-चार आठवडे सर्वांत महत्त्वाचे. आठवड्यात एखादा दिवस राहून गेला तर फूल थोडं लांबेल, एवढंच.

सोसायटीला फ्लडलाइटचं तोंड खाली वळवायला सांगता येतं. तोंडी सांगून ते वर्षभर "बघू" राहतं. रात्रीचा फोटो काढून सेक्रेटरींना पाठवा आणि शेवंतीऐवजी झोपमोडीचं कारण द्या, काम लवकर होतं.

गॅलरीची दिशा

रात्र अंधारी आहे आणि तरी कळी नाही, तर दिवस बघा. शेवंतीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि गंमत अशी की जूनमध्ये जिथे ऊन होतं तिथे ऑक्टोबरमध्ये ते नसतं. पुण्यात शून्य सावली दिवस मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, एरवी वर्षभर दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेकडच्या गॅलरीत मे-जूनमध्ये ऊन खेळतं, आपण खूश होऊन तिथे कुंड्या मांडतो, आणि सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यापासून मार्चपर्यंत तिथे थेट ऊन अजिबात येत नाही. शेवंतीला नेमकं तेव्हाच ते हवं असतं.

दक्षिणेची गॅलरी सर्वांत उत्तम; हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. पूर्वेची चालते, समोर उंच इमारत नसेल तर. पश्चिमेला ऊन पुरतं, पण कुंड्या तापतात, त्या एकमेकींना चिकटून ठेवा आणि पाण्याकडे लक्ष द्या. उत्तरेची गॅलरी असेल तर गच्चीची परवानगी मिळवा किंवा शेवंतीचा नाद सोडून फर्न लावा. सल्ला कठोर वाटेल, पण दरवर्षी झुरण्यापेक्षा बरा.

शेंडे कधीपर्यंत खुडले?

शेवंती डेरेदार व्हावी म्हणून शेंडे खुडायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. कधी थांबायचं, ते कुणी सांगत नाही. जून-जुलैमध्ये लावलेल्या रोपाचा शेंडा तीन-चार आठवड्यांनी खुडायचा, नव्या फांद्या बोटभर झाल्या की पुन्हा एकदा, आणि 15 ऑगस्टनंतर हात मागे. झेंडावंदन ही तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. सप्टेंबरअखेर "अजून जरा भरेल" म्हणून खुडलंत तर झाड जी कळी करणार होतं तीच आपण तोडून टाकतो. मग ते नवीन फुटवा काढणार, तो वाढणार, त्यात जानेवारी येतो.

उलट बाजूही आहे. अजिबात न खुडलेली शेवंती उंच, बारकुडी होते आणि टोकाला पाच-सहा फुलं देऊन गप्प बसते. तिला काठीचा आधार द्या आणि यंदापुरतं समाधान माना.

खत

यावर फार लिहायचं नाही, कारण खत कमी पडून कळी अडलेली मी फारशी पाहिलेली नाही. जास्त पडून अडलेली पुष्कळ. महिन्याला मूठभर गांडूळखत, वर शेणखताचा थर, वर युरियाची चिमूट, वर जीवामृत. झाड पानं काढतच राहतं. पानं हाताएवढी, गडद आणि कुरकुरीत झाली, देठ बोटानं दाबल्यावर रसरशीत लागतात, तर नत्र जास्त झालंय. 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत, देत असाल तर ऑगस्टअखेर बंद करा. हवंच असेल तर बिननत्राचं 0:52:34 लिटरला एक-दीड ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. कळीला रंग आला की तेही बंद.

विकत आणलेली कुंडी

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांतून येणारी, वीतभर उंच आणि चेंडूसारखी गोल शेवंती घरी आणली, फुलली, सुकली. पुढच्या वर्षी तीच कमरेएवढी वाढली आणि उशिरा, विरळ फुलली. "नर्सरीवाल्यानं फसवलं" ही पुढची पायरी. फसवलेलं नसतं. कुंडीतली शेवंती बुटकी राहावी म्हणून वाढ रोखणारं द्रव्य वापरण्याची पद्धत आहे, आणि अंधार-उजेडही मोजून दिलेला असतो. घरी आल्यावर ते दोन्ही थांबतं, झाड आपल्या मूळ अंगावर जातं. पुढच्या वर्षी ते मोठं होणार हे धरूनच चला, आणि खुडून त्याला आटोक्यात ठेवा.

हीच कुंडी आठवड्यात माना टाकते, त्याचं कारण वेगळं. ती बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. कोकोपीट एकदा कोरडं पडलं की आकसतं, आणि वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली जातं. ताटलीत पाणी दिसतं, मुळं मात्र कोरडी. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. कुंडी जड आहे, माती ओली आहे आणि तरी झाड लुळं पडलंय, तर मुळं कुजली आहेत. मग पाणी देऊन नुकसानच होतं.

कळ्या आल्या, पण उमलत नाहीत

इथे बहुतेक वेळा किडी. देठांवर आणि कळ्यांच्या खाली काळा मावा दाटीनं बसलेला असतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, मग नीम तेल लिटरला 5 मिली, थोडा भांड्याचा साबण घालून, संध्याकाळी. चार-पाच दिवसांनी पुन्हा. कळीला एक गोल भोक दिसलं आणि पानांवर बारीक काळी विष्ठा, तर हिरवी अळी आहे, हरभऱ्यावर असते तीच घाटेअळी. सकाळी शोधून हातानं काढा, दोन-चार कुंड्यांसाठी फवारणी कशाला. पाकळ्या एका बाजूनं तपकिरी, वाकड्या उमलत असतील तर फुलकिडे; पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक लांबट किडे चालताना दिसतील.

पावसाळ्यात खालची पानं काळे डाग पडून गळत वर वर येतात, तो बुरशीचा रोग. मातीचे शिंतोडे उडून तो पसरतो, म्हणून डागाळलेली पानं काढा, मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्या, पाणी बुडाशी घाला. फार पसरला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम. यामुळे झाड खालून उघडं पडतं, कळ्या मात्र येतात.

डिसेंबर उजाडला आणि अजूनही काही नाही

तर दोन पर्याय. ती अडकलेली, पट्टीच्या पानांमधली कळी असेल तर ती पानांसकट चिमटून काढा आणि कुंडी अंधाऱ्या जागी न्या. खालचे फुटवे नीट कळ्या धरतील आणि फेब्रुवारीत फूल दिसेल. ऊन तेव्हा तापायला लागलेलं असतं, फुलं नोव्हेंबरइतकी टिकत नाहीत, पण येतात.

तेवढा धीर नसेल तर झाड मातीपासून चार बोटं ठेवून छाटा. बुडातून काश्या, म्हणजे मुळाशी येणारे नवे फुटवे, फुटतात. फेब्रुवारीत त्या मुळांसकट वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावा, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाआड ठेवा, पाणी बेतानं. जूनमध्ये त्यांचे चार बोटं लांबीचे शेंडे कापून वाळूमिश्रित मातीत टोचले की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात, आणि जुन्या काश्यांपेक्षा ही नवी रोपं जास्त जोमानं वाढतात. कुंडी दहा इंची. ती ठेवायची जागा मात्र ऑगस्टच्या आधीच्या एखाद्या रात्री, दिवे बंद करून, ठरवा.